रागाच्या आधी एक श्वास

गेल्या वर्षीच्या जूनमधली गोष्ट. शाळा सुरू होऊन जेमतेम आठवडा झाला होता. सकाळचे पावणेसात. एका शेगडीवर पोळीचा तवा, दुसरीवर भाजी, ओट्यावर डब्यांची रांग. नळाला पाणी आलेलं, त्यामुळे एक कान मोरीतल्या पिंपाकडे. सासूबाईंचा चहा व्हायचा होता, धाकट्याचा एक मोजा सापडत नव्हता आणि ह्यांची आंघोळ चालली होती. अशा वेळी आपली थोरली लेक, पाचवीतली, आईला मदत करावी म्हणून पिशवीतलं दूध पातेल्यात ओतायला गेली. पिशवी हातातून निसटली. अर्धा लिटर दूध ओट्यावरून घरंगळत खाली, तिथून फ्रीजच्या खाली.

मी काय बोलले ते मला नीटसं आठवत नाही. हात मात्र आठवतो. फाडकन एक ठेवून दिली.

ती रडली नाही. कोपऱ्यातलं फडकं घेऊन खाली बसली आणि दूध पुसायला लागली. मी पोळी उलटली. सव्वासातला दोघं रिक्षात बसून शाळेत गेली आणि दहाला मीही माझ्या शाळेत गेले. घराघरांत रोज असं काही ना काही होतच असतं, नाही का? मीही ते मनावेगळं केलं.

रविवारी दुपारी मी आतल्या खोलीत पेपर तपासत पडले होते. बाहेर दोघं घर-घर खेळत होती. थोरली आई झाली होती. कमरेवर हात ठेवून ती धाकट्याला म्हणत होती, "तुला काही अक्कल आहे का? माझा जीव घेतल्याशिवाय चैनच पडायची नाही तुम्हाला!" शब्द माझे, सूर माझा, शेवटी दातओठ खाणंही माझंच. आणि मैत्रिणींनो, तिने अजून हातही उचलला नव्हता, तोच माझ्या सहा वर्षांच्या लेकाने डोकं खांद्यात घालून डोळे मिटून घेतले. खेळातसुद्धा! आपल्या घरातली 'आई' काय करते, हे दोघांना पाठ होतं.

पेपर बाजूला ठेवून मी किती तरी वेळ तशीच पडून राहिले.

शाळेत एक, घरी एक

मी मुळात तापट नाही. म्हणजे लग्नाआधी नव्हते, असं माहेरचे सगळे सांगतात. साताऱ्यातल्या एका शाळेत मी अर्धवेळ मराठी शिकवते. वर्गात पंचावन्न मुलं असतात. त्यांतली चार-पाच अशी, की संतालाही राग यावा. पण तिथे मी कधी कुणावर हात उगारलेला नाही. २००९ च्या शिक्षण हक्काच्या कायद्याने शाळेत मुलांना मारायला बंदी आहे, हे तर झालंच. पण कायदा नसता तरी मी मारलं नसतं. मग परक्यांच्या पंचावन्न मुलांना जे मिळतं, ते माझ्या पोटच्या दोघांना का मिळू नये?

हा प्रश्न मी आमच्या चित्रकलेच्या बाईंना विचारला. निवृत्तीला दोन वर्षं उरलेल्या, पांढऱ्या केसांच्या, सावकाश चालणाऱ्या, सावकाश बोलणाऱ्या. शिक्षकांच्या खोलीत त्या आणि मी शेजारी बसतो. त्यांनी लगेच उत्तर दिलं नाही. माझ्याकडे जरा बघितलं आणि म्हणाल्या, "तुझे खांदे बघ कुठे आहेत ते. कानाला लागायला आलेत. आणि मघापासून तू एकदाही पुरता श्वास सोडलेला नाहीस."

मला हसूच आलं. मी रागाचं विचारतेय आणि ह्या श्वासाचं सांगतायत!

बाईंनी तरुणपणी लोणावळ्याला कैवल्यधामात जाऊन थोडं शिक्षण घेतलं होतं. ही संस्था स्वामी कुवलयानंदांनी १९२४ साली स्थापन केली. योगाभ्यासाने शरीरात नेमकं काय घडतं, ते प्रयोगशाळेतली उपकरणं लावून तपासायचं, ही त्यांची धडपड. त्याच वर्षी त्यांनी 'योग मीमांसा' नावाचं नियतकालिकही सुरू केलं. म्हणजे नाक धरून बसण्यातला चमत्कार सांगणारे हे लोक नव्हते, मोजून बघणारे होते. बाईही तशाच. त्या म्हणाल्या, "मी तुला चमत्कार सांगत नाही. रोज दहा मिनिटं बस. तीन महिने बस. आणि तोपर्यंत फायदा झाला का, हे विचारायचं नाही."

ही शेवटची अट सगळ्यांत अवघड होती, हे मला मागाहून कळलं.

सून नाक धरून बसलीय!

पहिली अडचण जागेची. आपल्या घरात प्रत्येकाची जागा ठरलेली असते. ह्यांची खुर्ची, सासूबाईंचा पलंग, मुलांचं टेबल. माझी जागा कुठली? स्वयंपाकघर म्हणावं, तर तिथे मी कधी बसतच नाही. शेवटी गच्चीच्या जिन्याच्या वळणावर, जुन्या ट्रंकेच्या शेजारी सतरंजीची घडी टाकली. समोरच्या लहान खिडकीतून अजिंक्यताऱ्याची कड दिसते. वेळ पहाटे पाच वीसची, कारण साडेपाचला उठून सहापर्यंत पाणी भरायची तयारी करावी लागते.

चौथ्या दिवशी सासूबाईंनी बघितलं. दुपारी शेजारच्या काकूंना सांगताना मी ऐकलं, "आमची सून हल्ली पहाटे नाक धरून बसते. मुंज करायची राहिली वाटतं तिची!"

मला राग आला. पण विचार केला, तर त्या बोलल्या त्यात एक सत्य होतं. आजोळी आजोबा संध्येच्या वेळी नाकाला हात लावून प्राणायाम करायचे, ते मी लहानपणी रोज पाहिलेलं. घरातल्या पुरुषांना तो मुंजीतच शिकवला जाई. आजीला कुणी शिकवला नाही. पण आजी करत नव्हती का? पहाटे जात्यावर बसून ती ओव्या म्हणायची. जात्याच्या एका फेऱ्यात ओळ संपायची, सूर लांबत जायचा आणि श्वास आपोआप लांब सुटायचा. संध्याकाळी दिवा लावल्यावर रामरक्षा, मनाचे श्लोक एका दमात एक. मला वाटतं, आपल्या आज्यांचा प्राणायाम असा कामातच मिसळलेला होता. जातं गेलं, गिरणी आली. हाताला आराम मिळाला, तो मिळायलाच हवा होता. पण तो लांब सुटणारा श्वासही जात्याबरोबरच गेला.

ही नुसती माझी कल्पना नाही. इटलीतल्या बर्नार्डी नावाच्या डॉक्टरांनी आणि त्यांच्या सहकाऱ्यांनी २००१ साली ब्रिटिश मेडिकल जर्नलमध्ये एक अभ्यास प्रसिद्ध केला. ख्रिस्ती लोक जपमाळेवर लॅटिन प्रार्थना म्हणतात ती, आणि बौद्धांचा 'ओम मणि पद्मे हूं' हा मंत्र, असे दोन्ही तेवीस निरोगी माणसांना म्हणायला लावले आणि त्यांचा श्वास नि हृदयाची लय मोजली. दोन्हींनी श्वास मिनिटाला सुमारे सहापर्यंत संथ झाला आणि हृदयाच्या लयीवर त्याचा चांगला परिणाम दिसला. धर्म वेगळे, भाषा वेगळ्या, पण म्हणण्याची लांबी तीच! सासूबाईंना मी हे सांगितलं, तेव्हा त्या म्हणाल्या, "मग मी रोज जप करते ते काय उगीच?" तेव्हापासून माझ्या नाक धरण्याला घरात मान्यता मिळाली.

शरीरात होतं तरी काय?

स्वस्थ बसलेल्या मोठ्या माणसाचा श्वास साधारणपणे मिनिटाला बारा ते वीस वेळा होतो. आपल्याकडे दिवसाचे एकवीस हजार सहाशे श्वास असं जुनं गणित सांगतात. ते मिनिटाला पंधरा असं बरोबर येतं. आकडेमोड करून बघा. आपण चिडलो, घाबरलो, घाईत असलो, की श्वास भरभर आणि छातीच्या वरच्या भागातूनच चालतो. खांदे वर जातात, जबडा आवळतो, नाडी जलद होते. शरीर जणू भांडायच्या किंवा पळायच्या तयारीत असतं. समोर वाघ असेल तर हे ठीक आहे. समोर सांडलेलं दूध असेल, तर?

यातली गंमत अशी, की हृदयाला आपण 'हळू चाल' असं सांगू शकत नाही, पोटाला सांगू शकत नाही. श्वासाला मात्र सांगू शकतो. श्वास आपोआपही चालतो आणि आपल्या हुकमानेही चालतो. म्हणून आत शिरायचं हे एकच दार आपल्या हातात आहे. मेंदूपासून छाती-पोटापर्यंत जाणारी व्हेगस नावाची एक मोठी मज्जा आहे. शरीराला शांत करण्याच्या कामात तिचा मोठा वाटा. श्वास सोडताना तिचा प्रभाव वाढतो आणि हृदय किंचित संथ होतं. घेताना किंचित जलद होतं. खोटं वाटत असेल तर दोन बोटं मनगटाच्या नाडीवर ठेवा आणि सावकाश श्वास घेऊन सावकाश सोडा. पुष्कळजणींना हा फरक बोटांखाली कळतो. म्हणून सगळी किल्ली सोडण्यात आहे. घेण्याची घाई आपण करतोच, सोडायला शिकावं लागतं.

ध्यान म्हणजे याच्या पुढची पायरी. श्वास मुद्दाम लांबवायचा नाही, जसा येतो-जातो तसा फक्त बघायचा. इगतपुरीच्या धम्मगिरीत सत्यनारायण गोयंका यांच्या परंपरेतली दहा दिवसांची शिबिरं १९७६ पासून चालू आहेत. तिथेही सुरुवातीचे काही दिवस हेच करतात. अमेरिकेत हर्बर्ट बेन्सन या हृदयरोगाच्या डॉक्टरांनी १९७५ साली पुस्तक लिहून सांगितलं, की एखादा शब्द किंवा श्वास यावर मन शांतपणे पुन्हा पुन्हा आणलं, तर शरीर ताणाच्या उलट्या दिशेने जातं. मन भटकलं तर त्याच्यावर चिडायचं नाही, परत आणायचं, एवढंच. ऐकायला किती सोपं!

पहिले तीन महिने

आता माझा अनुभव सांगते, अगदी खरा. कारण अशा लेखांत 'आठ दिवसांत मन प्रसन्न झालं' असं वाचून मी पूर्वी पुष्कळदा फसलेली आहे.

पहिले दोन आठवडे काहीही झालं नाही. उलट चिडचिड वाढली. डोळे मिटले, की डाळ भिजत घातली का, रिक्षाचे पैसे दिले का, परवाच्या मुंजीला आहेर काय न्यायचा, अशी रांग लागायची. नाकाला खाज सुटायची. दोनदा तर ट्रंकेला टेकून झोपच लागली. दहा मिनिटांत मन श्वासावर किती टिकलं म्हणाल, तर पाचसहा श्वास. बाईंना सांगितलं, तर म्हणाल्या, "भटकलं हे कळलं ना? मग झालं. ते कळणं हाच अभ्यास."

तिसऱ्या आठवड्यात एक बारीकशी गोष्ट लक्षात आली. रात्री झोप लवकर लागायला लागली. पूर्वी अंथरुणावर पडल्यावर दिवसभरातली भांडणं मी मनातल्या मनात नव्याने भांडायची, आणि त्यात जिंकायचीही! आता भांडण अर्ध्यावर असतानाच डोळा लागायचा.

पाचव्या आठवड्यात एक विचित्र गोष्ट घडली. एका पहाटे काही कारण नसताना डोळ्यांतून पाणी यायला लागलं. दुःख असं काही मनात नव्हतं, आणि मग एकदम आईची आठवण आली. माझी आई तीन वर्षांपूर्वी गेली, ऐन वार्षिक परीक्षेच्या दिवसांत. तेरावा उरकून मी चौदाव्या दिवशी उत्तरपत्रिका घेऊन बसले होते. लोक म्हणाले, किती धीराची! धीर कसला, रडायला सवडच मिळाली नव्हती. ते रडू तीन वर्षं कुठे तरी साठून राहिलं होतं आणि दहा मिनिटं मी गप्प बसले, तेव्हा त्याने वाट काढली. त्या दिवशी पाणी भरायला उशीर झाला. सासूबाईंनी माझा चेहरा बघितला आणि स्वतः चहा टाकला. काही विचारलं नाही.

दुसऱ्या महिन्यात रागाची ओळख व्हायला लागली. ओळख म्हणजे काय, तर राग यायच्या आधी आपल्या अंगात काय होतं ते कळणं. माझे आधी कान गरम होतात. मग जीभ टाळ्याला लागते. मग उजवा हात आवळतो. छत्तीस वर्षांत हे मला ठाऊक नव्हतं! पण कळलं म्हणून थांबलं असं नाही. तेव्हाही मी ओरडत होतेच. फक्त ओरडतेय हे ओरडताना कळत होतं. ही अवस्था फार वाईट. आधी निदान नंतर पश्चात्ताप व्हायचा, आता तो ओरडतानाच सुरू व्हायचा.

मग गौरी-गणपती आले. घरात पंधरा माणसं, मोदक, फुलोरा, माहेरवाशिणी. अकरा दिवस जिन्यावर बसणं झालं नाही. बाराव्या दिवशी ये रे माझ्या मागल्या! धाकट्यावर असा आवाज चढला, की शेजारच्या काकू डोकावून गेल्या. मला वाटलं, गेलं सगळं पाण्यात.

त्या वेळी एक वाचलेली गोष्ट उपयोगी पडली. लंडनच्या युनिव्हर्सिटी कॉलेजमधल्या संशोधकांनी शहाण्णव जणांच्या नव्या सवयींचा पाठपुरावा केला. एखादी गोष्ट अंगवळणी पडायला सरासरी सहासष्ट दिवस लागले. पण कुणाला अठराच, तर कुणाला दोनशे चोपन्न दिवस लागतील असा हिशेब निघाला. आणि मधे एखादा दिवस चुकला, तर त्याने फारसं बिघडत नाही, असंही दिसलं. मी हिशेब केला. मी दोनशे चोपन्नवाल्यांतली असेन, असू दे. तेराव्या दिवशी पुन्हा सतरंजी टाकली.

श्वास पाणी भरत नाही

साधारण तिसऱ्या महिन्याच्या अखेरीस मला दुसरी एक गोष्ट स्वच्छ दिसली. माझा राग सगळाच माझ्या स्वभावातला नव्हता. सकाळी सहा ते सव्वासात ह्या सव्वा तासात मी एकटी चार माणसांचं काम करत होते! नुसता श्वास घेऊन डबे भरत नाहीत आणि पिंपही भरत नाही.

पूर्वी मी हे भांडताना सांगायची. "तुम्हाला दिसत नाही का?" अशी सुरुवात केली, की हे पेपरात डोकं घालायचे. एका रात्री जेवणं झाल्यावर, अगदी शांत आवाजात म्हटलं, "सकाळचं पाणी आणि मुलांच्या बाटल्या-दप्तरं तुम्ही बघा. मला जमत नाही." एवढंच. ह्यांनी मान वर करून बघितलं. मी ओरडत नव्हते, म्हणून बहुधा त्यांना ऐकू आलं. दुसऱ्या दिवसापासून पाणी हे भरतात. पहिले आठ दिवस मोरीतून "ही चावी फिरत कशी नाही?" असे आवाज यायचे. तेव्हा मात्र मी मनापासून श्वासाकडे लक्ष दिलं.

म्हणून सांगते, ध्यान म्हणजे सोसायला शिकणं असं कुणी सांगत असेल तर ऐकू नका. शांत मनाने काय सोसायचं नाही, तेही दिसतं.

कसं करावं?

मी करते ते इथे देते. यात अवघड काही नाही.

१. जागा आणि वेळ एकच ठेवा. मांडी घालून बसा. गुडघे दुखत असतील तर खुर्चीवर, पाय जमिनीला टेकवून. पाठ ताठ, पण ताणलेली नको. पोट रिकामं किंवा हलकं असावं.

२. एक हात पोटावर ठेवा. पहिलं मिनिटभर काही करू नका. खांदे खाली सोडा, दातावरचा दात काढा.

३. मग चार अंक मोजत नाकाने श्वास घ्या, सहा अंक मोजत नाकानेच सोडा. घेताना पोट पुढे येतं, सोडताना आत जातं. असे मिनिटाला सहा श्वास होतात. पाच मिनिटं करा. चार-सहा जमत नसेल, तर तीन-चार करा. श्वास कोंडायचा नाही, ओढाताण करायची नाही.

४. पुढची पाच मिनिटं मोजणं सोडून द्या. नाकपुडीशी श्वास येतो-जातो तो फक्त जाणवू द्या. मन गेलं, की परत आणा. शंभरदा गेलं तर शंभरदा आणा. रांगणारं मूल उंबऱ्याकडे गेलं की आपण उचलून परत आणतो, तसं. त्याला मारत नाही.

५. उठल्यावर लगेच मोबाईल हातात घेऊ नका. निदान चहा होईपर्यंत तरी.

६. दिवसात तीन ठिकाणं ठरवून ठेवा, जिथे एक लांब श्वास सोडायचाच. माझी ठिकाणं म्हणजे कुकर लावल्यावर, वर्गात शिरताना उंबऱ्यापाशी आणि मुलं शाळेतून येऊन बेल वाजवतात तेव्हा, दार उघडण्याआधी. हे तिसरं सगळ्यांत महत्त्वाचं.

हेही लक्षात असू द्या

रक्तदाब, हृदयविकार, दमा असेल किंवा दिवस गेलेले असतील, तर श्वास कोंडण्याचे आणि जोरजोरात श्वास सोडण्याचे प्रकार आपल्या मनाने करू नयेत. डॉक्टरांना विचारून आणि जाणत्या शिक्षकाकडूनच शिकावेत. चक्कर आली, तर थांबावं आणि नेहमीसारखा श्वास घ्यावा. चालू असलेल्या गोळ्या तर मुळीच बंद करू नयेत.

कधी कधी गप्प बसल्यावर जुनी दुखणी वर येतात, जसं माझं झालं. माझं ते रडून हलकं झालं. पण एखादीला डोळे मिटले की धास्तीच वाढत असेल, तर हट्टाने बसू नये. दोन आठवड्यांहून अधिक काळ मन खिन्न असेल, झोप-भूक गेली असेल, कशातच गोडी वाटत नसेल, जीव नकोसा वाटत असेल, तर तो आजार आहे आणि त्याला डॉक्टरच हवेत. सरकारची टेलि-मानस ही फोनसेवा २०२२ च्या ऑक्टोबरात सुरू झाली. १४४१६ या क्रमांकावर पैसे न देता बोलता येतं. यात लाजण्यासारखं काही नाही. आणि घरात कुणी मारहाण करत असेल, तर त्यावर श्वास हा उपाय नव्हे. तिथे मदत मागायची, गप्प बसायचं नाही.

नऊ गुणांची गोष्ट

दिवाळीच्या सुट्टीनंतरची एक संध्याकाळ. मी ओट्याशी मेथी निवडत होते. थोरली आली आणि हातातला कागद पुढे केला. गणिताची उत्तरपत्रिका, वीसपैकी नऊ. पालकांची सही हवी होती.

माझे कान गरम झाले. जीभ टाळ्याला लागली. आणि त्याच वेळी माझ्या लक्षात आलं, की ती कागद पुढे करून उभी होती ती नेमकी माझ्या हाताच्या टप्प्याबाहेर. तिने अंतर मोजून घेतलं होतं.

मी श्वास सोडला. लांब, पार शेवटपर्यंत. तेवढ्यात काय झालं ते सांगता येत नाही. राग गेला नाही. पण राग आणि हात यांच्यामधे बोटभर जागा झाली, आणि त्या जागेत मला ती दिसली. दहा वर्षांची, वेणीची रिबीन सुटलेली, घाबरलेली. मी म्हटलं, "बस इथे. कुठलं चुकलंय ते बघू."

ती बसली. पण दूरच. अपूर्णांकांचं गणित होतं. आम्ही मेथीच्या काड्या मांडून ते सोडवलं. सही केल्यावर मी म्हटलं, "त्या दुधाच्या दिवशी मी तुला मारलं, ते माझं चुकलं."

ती कागदाची घडी घालत होती. वर न बघता म्हणाली, "मला वाटलं, तू विसरलीस."

पाच महिने ती ते घेऊन हिंडत होती.

त्या संध्याकाळनंतर सगळं छान झालं, असं मी म्हणणार नाही. टप्प्याच्या आत यायला तिला संक्रांत उजाडली. एका दुपारी मी उत्तरपत्रिका तपासत असताना ती आपली आपण येऊन पाठीला पाठ लावून पुस्तक वाचत बसली, तेव्हा मी हललेसुद्धा नाही. आवाज माझा अजून चढतो. परवाच गॅस संपला, तेव्हा चढला. पण त्या जूननंतर हात एकदाही उठलेला नाही. गेल्या रविवारी पुन्हा घर-घर चाललं होतं. थोरलीच आई. धाकट्याने खोट्या खोट्या चहाचा कप सांडला. मी पडद्याआड श्वास धरून उभी होते, म्हणजे नेमकं करू नये तेच करत होते! तिने कमरेवर हात ठेवले, डोळे मोठे केले, मग नाकाने सूंऽऽ करून मोठ्ठा श्वास सोडला आणि म्हणाली, "फडकं आण. दोघं मिळून पुसू."

धाकट्याने डोकं खांद्यात घातलं नाही. तो फडकं आणायला पळाला.

बाई पुढच्या वर्षी निवृत्त होतायत. तीन महिन्यांची मुदत संपून किती तरी दिवस झाले, पण फायदा झाला का, हे त्यांनी अजून विचारलेलं नाही. परवा चहा पिताना त्या माझ्या खांद्यांकडे बघत होत्या. मग नुसत्याच हसल्या आणि बशीत चहा ओतला.